गादी शिवायची की छाटायची: एका नोज टॅकलचे पाच दिवस

एका अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीचं हे प्रकरण त्याच्या लेखी परवानगीनं लिहिते आहे. त्याचं नाव, क्लब आणि शहर वगळलं आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. त्याला इथं 'डी' म्हणू. मी मूळची मिरजेची. गेली चौदा वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. डी कुठल्याही क्लबनं माझ्याकडे पाठवलेला नव्हता. हंगाम संपला की तो घरी यायचा आणि आमच्या क्लिनिकमध्ये स्वतःच्या पैशानं व्यायाम करायचा. त्यामुळे इथं जे लिहिलंय ते क्लबच्या फिजिओचं नाही, बाहेरच्या माणसाचं आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून डीचं काम आधी सांगते. चेंडूच्या दोन्ही बाजूंना माणसांच्या दोन रांगा समोरासमोर वाकून उभ्या असतात. बचाव करणाऱ्या संघाची पुढची रांग म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन. तिच्या मधोमध, चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या अगदी नाकासमोर उभा राहणारा तो नोज टॅकल. डी नोज टॅकल होता. उंची सहा फूट दोन इंच, वजन १३८ किलो.

टीव्हीवर बचावफळीतले जे गडी गाजतात ते बहुतेक कडेचे. ते धावत जाऊन क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, पाडतात आणि आकडा त्यांच्या नावावर चढतो. नोज टॅकलचं काम जागा न सोडण्याचं. चेंडू हलला की सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड, प्रत्येकी दीडशे किलोच्या आसपासचे, दोघं मिळून त्याच्यावर चालून येतात. त्यानं ते दोघं अडवून धरले की मागचा लाइनबॅकर मोकळा राहतो आणि धावणाऱ्याला गाठतो. टाळ्या लाइनबॅकरला मिळतात. डीनं एकदा क्लिनिकच्या रबरी फरशीवर मला ती बैठक करून दाखवली. उजव्या हाताची पट्ट्या बांधलेली बोटं जमिनीला टेकवलेली, कंबर वर, डावा गुडघा काटकोनाच्याही आत वाकलेला आणि सगळा भार पुढे. मग म्हणाला, "आता ढकला." मी आणि माझा सहकारी दोघांनी मिळून खांदा लावला. तो हलला नाही, पण त्याचा डावा गुडघा त्या वाकलेल्या अवस्थेतच आतल्या बाजूला पिळत गेला. तो मला स्पष्ट दिसला. कुस्तीतल्यासारखं इथंही जो खाली राहतो त्याचं चालतं, आणि खाली राहण्याची किंमत गुडघा मोजतो.

डी २०२० साली कॉलेजमधून बाहेर पडला. ड्राफ्टच्या, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या, सात फेऱ्यांत त्याला कुणी निवडलं नाही. त्या वर्षी कोविडमुळे हंगामाआधीचे सगळे सराव सामने रद्द झाले होते, आणि ज्यांची निवड होत नाही अशा मुलांना प्रशिक्षकांच्या नजरेत भरायची हीच तर संधी असते. शेवटी तो एका क्लबच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर राहिला. आठवड्याला ८,४०० डॉलर. आठवडाभर मुख्य संघाशी झुंजायचं आणि सामन्याच्या दिवशी बाहेर बसायचं. २०२१ मध्ये तो ५३ जणांच्या मुख्य यादीत आला, २०२२ मध्ये टिकला. सामन्यात वीस-पंचवीस डाव त्याच्या वाट्याला येत.

आता एक तांत्रिक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, नोकरीची वर्षं कॅलेंडरवर मोजत नाहीत, 'क्रेडिटेड सीझन'मध्ये मोजतात. किमान ३ सामन्यांना खेळाडू मुख्य यादीत असला किंवा खेळताना झालेल्या जखमेमुळे जखमींच्या यादीत पगारावर असला, तर तो हंगाम धरला जातो. प्रॅक्टिस स्क्वॉडचं वर्ष धरत नाहीत. असे ३ हंगाम झाले की पेन्शनचा हक्क लागतो आणि खेळ सोडल्यावर ५ वर्षं आरोग्यविमा चालू राहतो. २०२० चं वर्ष डीला फुकट गेलं होतं. २०२३ सुरू झालं तेव्हा त्याच्या खात्यात २ हंगाम होते.

अडचण

ऑगस्ट २०२३. दुसरा सराव सामना, तिसरा क्वार्टर. दोघांनी डबल टीम केली, म्हणजे दोघं मिळून त्याच्यावर चालून आले, डीचा डावा पाय मैदानात रुतला आणि वरचं शरीर फिरलं. तो स्वतः चालत बाहेर आला. रात्री गुडघा फुगला, सकाळी सरळ होईना. एमआरआयमध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची गादी, म्हणजे लॅटरल मेनिस्कस, उभी फाटलेली दिसली.

त्याचा करार एका वर्षाचा होता. २ हंगाम झालेल्या खेळाडूचं त्या वर्षीचं किमान वेतन ९,४०,००० डॉलर, म्हणजे हंगामाच्या १८ आठवड्यांत विभागलं तर आठवड्याला ५२ हजारांवर. पण करार 'स्प्लिट' होता. मुख्य यादीत असेल तर हा दर, जखमींच्या यादीत गेला तर जवळपास निम्मा. संघात खालच्या क्रमांकावर असलेल्यांचे करार बहुतेक असेच असतात.

पुढच्या गुरुवारी क्लबनं त्याला 'वेव्हड इंजर्ड' केलं. जखमी म्हणून सोडलं, इतर क्लबांपुढे नाव ठेवलं, कुणी उचललं नाही, म्हणून शुक्रवारी तो त्याच क्लबच्या इंजर्ड रिझर्व्ह, म्हणजे जखमींच्या, यादीत परत आला. ५३ ची यादी ठरायच्या आधी, म्हणजे २९ ऑगस्टच्या आधी, या यादीत गेलेला खेळाडू त्या वर्षी त्या क्लबसाठी पुन्हा मैदानात उतरू शकत नव्हता. त्याला वर्षभर ठेवायचं, की ठरावीक आठवड्यांचा पगार देऊन मोकळं करायचं, याची बोलणी करायला ५ दिवस असतात. शुक्रवार ते बुधवार.

मला त्याचा फोन शनिवारी सकाळी आला.

समोर असलेले पर्याय

क्लबच्या डॉक्टरांचं मत: फाटलेला तुकडा छाटून टाकावा. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, चार ते सहा आठवड्यांत मैदानावर. हे मत चुकीचं नव्हतं. व्यावसायिक खेळात छाटणी सर्रास होते आणि बरेच जण त्यावर अनेक वर्षं खेळतात.

दुसरा मार्ग टाके घालून गादी शिवण्याचा. पण शिवलेली गादी जुळायला वेळ लागतो. सहा आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही, चार महिने वजन घेऊन खोल बसायचं नाही, पूर्ण खेळ पाच-सहा महिन्यांनी. म्हणजे हंगाम संपला.

पैशांच्या बाजूनं क्लबचा प्रस्ताव होता २ आठवड्यांची भरपाई, तीही खालच्या दरानं. ती घेतली की डी मोकळा. छाटणी करून घ्यायची, ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या क्लबकडे जायचं. एजंटला हेच हवं होतं आणि त्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं, कारण ते पोकळ नव्हतं. तो म्हणाला, दर ऑक्टोबरला बचावफळीतली माणसं पडतात आणि क्लब घरी बसलेल्यांना बोलावतात. त्या वेळी जो तयार असतो त्याला संधी मिळते. आणि वर्षभर ज्याचं खेळतानाचं चित्रण नाही, त्या सव्वीस वर्षांच्या टॅकलला पुढच्या उन्हाळ्यात कुणी विचारत नाही. बारा आठवडे मुख्य यादीत काढले तर सहा लाख डॉलर. जागा मिळालीच नाही तर प्रॅक्टिस स्क्वॉडचे आठवड्याला १२,०००.

याउलट टाके घातले आणि इंजर्ड रिझर्व्हवर राहिला तर वर्षाचा निम्मा पगार पक्का, तिसरा हंगामही पक्का.

छाटणी करून त्याच यादीत वर्षभर बसण्याचाही एक पर्याय कागदावर होता. या वर्षीचा खेळही जातो आणि गादीही जाते, म्हणून त्यावर कुणी वेळ घालवला नाही.

पाच दिवस

शनिवारी दुपारी तो कुबड्यांवर आला. मी एक मोठा कागद घेतला आणि दोन रांगा आखल्या. वरच्या रांगेत गुडघ्याचे आठवडे, खालच्या रांगेत कराराचे. आत्तापर्यंत या दोन गोष्टी वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या फोनवर बोलत होती. डॉक्टर आठवड्यांबद्दल, एजंट डॉलरबद्दल. तिसऱ्या हंगामाचा विषय तोवर कुणी काढलाच नव्हता. मीही नाही. मला तो नियम माहीत होता, पण डीच्या खात्यात किती हंगाम आहेत हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. रांगा आखताना तोच म्हणाला, "मॅम, प्रॅक्टिस स्क्वॉडचं वर्ष धरत नाहीत ना?"

मग लक्षात आलं की २ आठवड्यांची भरपाई हा नुसता कमी पैशाचा प्रश्न नाही. नियमानुसार जखमेपोटी ३ सामन्यांइतका पगार मिळाला तरी हंगाम धरला जातो. २ मिळाले तर कुठंतरी आणखी एक सामना मुख्य यादीत काढावा लागणार. तो न मिळाला तर पेन्शन आणि विमा दोन्ही एका सामन्यानं हुकणार. क्लबनं मुद्दाम २ चा आकडा दिला असं मी म्हणणार नाही. चार आठवड्यांत बरा होणारा माणूस पहिल्या दोन सामन्यांना मुकतो, हिशेब तेवढाच असू शकतो. पण डीला तो एक आठवडा फार महाग पडला असता.

रविवारी एजंटशी बोलणं झालं. हंगामांची मोजणी त्याच्याही नजरेतून सुटली होती हे त्यानं मान्य केलं आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत तो ३ आठवडे मंजूर करून घेऊन आला. त्याचं हे काम मोठं होतं.

इथं प्रकरण वळलं. हंगाम आता दोन्हीकडून मिळत होता. पेन्शनचा मुद्दा तराजूतून उतरला आणि उरलं ते एवढंच: या वर्षीचा खेळ की पुढची गादी.

सोमवारीच दुसऱ्या सर्जनची भेट होती. खेळाडूंच्या सामूहिक करारात क्लबच्या खर्चानं दुसरं वैद्यकीय मत घेण्याचा आणि सर्जन स्वतः निवडण्याचा हक्क आहे. पुष्कळ तरुण खेळाडू तो वापरत नाहीत, क्लबला राग येईल या भीतीनं. या सर्जननं चित्रं पाहून सांगितलं की फाट रक्तपुरवठा असलेल्या बाहेरच्या कडेजवळ आहे, टाके धरण्याची शक्यता चांगली आहे. बाहेरच्या बाजूची गादी छाटणं आतल्या बाजूपेक्षा गुडघ्याला अधिक जड जातं, कारण त्या बाजूचा भार मुख्यतः तीच पेलते. गादी काढलेल्या गुडघ्यांत हाडांच्या कडा कशा बदलतात आणि फट कशी अरुंद होते हे फेअरबँक यांनी १९४८ मध्येच एक्स-रेवरून दाखवलं होतं. आम्ही विद्यार्थी असल्यापासून हे वाचतो. पण मॅट्रेसच्या आकाराच्या टेबलावर समोर बसलेल्या, दोन आठवड्यांपूर्वी स्वतःची जागा जवळपास पक्की समजणाऱ्या मुलाला ते सांगणं फार वेगळं असतं.

मंगळवारी तो काहीच बोलला नाही. मी माझ्या बाजूनं एक चूक टाळली, निदान तसा प्रयत्न केला: त्यानं विचारलं, "तुम्ही काय कराल?" तेव्हा उत्तर दिलं नाही. मला गुडघा दिसत होता. त्याला गुडघा, घराचा हप्ता आणि तेराव्या वर्षापासूनचं स्वप्न, तिन्ही दिसत होतं. मी एवढंच म्हटलं की पुढच्या वर्षी कुणी बोलावलंच नाही असं धरून विचार कर आणि मग गुडघा आणखी चार वर्षं खेळेल असं धरून पुन्हा एकदा कर.

बुधवारी सकाळी त्यानं एजंटला कळवलं: भरपाई नको, यादीत राहतो, टाके घालतो. कारण मला नंतर सांगितलं. त्याच्या कॉलेजचे लाइन कोच स्वतः जुने टॅकल. वय पन्नाशीच्या आत. सामना संपल्यावर सगळी मुलं स्टेडियमच्या पायऱ्या धडाधड उतरत आणि कोच कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवे होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली येत. मुलं खाली थांबून राहत. मंगळवारी रात्रभर त्याला तेच दिसत होतं, म्हणाला.

प्रत्यक्षात काय केलं

शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात झाली. पाच टाके. क्लबच्या संमतीनं पुनर्वसन आमच्याकडे झालं, दर पंधरा दिवसांनी त्यांच्या डॉक्टरांना अहवाल जात असे.

पहिले सहा आठवडे कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. ब्रेस, कुबड्या, ९० अंशांची मर्यादा. मांडीचा घेर गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटीमीटर वर मोजला तर उजवा ७१, डावा ६६. वजन आम्ही मुद्दाम १३० पर्यंत उतरू दिलं, टाक्यांवरचा भार कमी राहावा म्हणून. त्याला ते आवडलं नाही. नोज टॅकलला वजन म्हणजे नोकरी.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्याच क्लबचे दोन टॅकल एका सामन्यात जखमी झाले. घरी बसलेल्या एका खेळाडूला बोलावलं गेलं आणि तो वर्षअखेरपर्यंत खेळला. एजंटनं जे सांगितलं होतं तंतोतंत तेच. त्या सोमवारी डी वेळेवर आला, सायकलवर बसला, चाळीस मिनिटं चालवली आणि एक शब्द न बोलता गेला. त्या दिवशी मला स्वतःलाच निर्णयाची खात्री वाटेना.

जानेवारीत त्यानं पुन्हा तीन टेकूंवरची बैठक घेतली. फेब्रुवारीअखेर आम्ही ढकलल्यावर गुडघा पिळला नाही. पायाच्या ठेवणीत थोडा बदल केला होता, पाऊल किंचित बाहेर वळवून.

निष्पत्ती

मार्च २०२४ मध्ये करार संपला आणि क्लबनं नवा दिला नाही. चार महिने फोन आला नाही. जुलैअखेर दुसऱ्या एका क्लबनं चाचणी घेतली, ९० जणांच्या शिबिरात घेतलं आणि २७ ऑगस्टला, यादी कापायच्या दिवशी, सोडलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर परत घेतलं. त्या हंगामात दोन वेळा त्याला सामन्यापुरतं मुख्य संघात बढती मिळाली. दोन सामन्यांत मिळून ३१ डाव खेळला. त्यातला एक मी टीव्हीवर पाहिला. समोरच्या संघाचा चारपैकी तिसरा प्रयत्न, त्यांना एक यार्ड हवा होता, डबल टीम त्याच्यावर आली, तो गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि तिथंच राहिला. धावणारा त्याच्या पाठीवर पडला. एक यार्ड मिळाला नाही. आकड्यांत तो डाव लाइनबॅकरच्या नावावर आहे.

डिसेंबरमध्ये त्याला सोडलं. त्यानंतर बोलावणं आलं नाही.

आज तो एका शाळेत लाइन शिकवतो. ३ हंगाम झाल्यानं पेन्शनचा हक्क आहे, विमा चालू आहे. शेवटच्या एमआरआयमध्ये गादी जुळलेली आहे. पायऱ्या सरळ उतरतो. छाटणी केली असती तर तो २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये खेळला असता का, त्यातून दोन वर्षांचा करार मिळाला असता का, हे प्रश्न त्यानं माझ्याजवळ दोनदा काढले आहेत. एजंटला अजून वाटतं की मिळाला असता. मलाही ते अशक्य वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत मोठी चूक ऑगस्ट २०२३ ची नव्हती, त्याच वर्षीच्या जानेवारीची होती. हंगाम संपला की क्लब प्रत्येक खेळाडूची शेवटची तपासणी करतो. काय दुखतं ते तिथं नोंदवलं तर पुढं उपचाराची आणि भरपाईची जबाबदारी ठरवताना ती नोंद उपयोगी पडते. डीचा गुडघा डिसेंबरपासून सामन्यानंतर फुगत होता. तपासणीत तो "सगळं ठीक" म्हणाला. कारण उघड आहे: नवा करार मिळायचा होता आणि दुखणाऱ्याला तो मिळत नाही. फेब्रुवारीत तो माझ्याकडे आला तेव्हा बाहेरच्या सांध्याच्या रेषेवर दाबलं की तो दचकायचा. मी ते लिहून ठेवलं, व्यायाम बदलले, पण एमआरआयचा आग्रह धरला नाही. तेव्हा फाट लहान असती तर हंगामाआधी सहा महिने हातात होते. त्या टिपणाचा कागद मी ऑगस्टमध्ये काढून पाहिला. तारीख ९ फेब्रुवारी, माझंच अक्षर.

दुसरं, पैशाची आणि शरीराची बोलणी वेगळी चालू राहिली. शनिवारी तो कागद आखला नसता तर २ आठवड्यांच्या प्रस्तावावर रविवारी सही झाली असती. आता आमच्या क्लिनिकच्या पहिल्या फॉर्मवर व्यावसायिक खेळाडूंसाठी दोन ओळी वाढवल्या आहेत: क्रेडिटेड सीझन किती झाले आणि करार स्प्लिट आहे का. काहींना वाटतं फिजिओनं हे विचारू नये. मी विचारते.

तिसरं, मंगळवारी उत्तर न देण्याबद्दल मी अजून दोन मनांत आहे. माझं मत सांगितलं असतं तर त्यानं तेच ऐकलं असतं, इतका त्याचा विश्वास होता. पण ऑक्टोबरमध्ये सायकलवर तो एकटा बसला होता तेव्हा त्या निर्णयाचा भार आम्ही दोघांनी वाटून घेतला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

गेल्या दोन वर्षांपासून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या खेळाडूंना मी फोन करते आणि तपासणीला जाण्याआधी कुठं काय दुखतं याची यादी त्यांच्याच हातानं लिहून घेते. मागच्या जानेवारीत अशा दोघांनी यादी लिहिली. एकानं ती क्लबच्या डॉक्टरांना दिली. दुसऱ्यानं खिशातच ठेवली.